रिकामं सोडल्यास

विश्रामबागेत, तिसऱ्या मजल्यावर बसून
मी एका सर्च इंजिनच्या दारावरच्या
पाट्या लिहिते.

दार म्हणजे एक पत्ता. पुढं प्रश्नचिन्ह,
आणि प्रश्नचिन्हाच्या मागून एकेक पॅरामीटर,
तासगावच्या एसटीतून माणसं उतरावीत तसे :
आधी नाव, मग बरोबरचं चिन्ह,
मग काखेतलं गाठोडं.

प्रत्येकाचं तेच लिहायचं.
नाव. प्रकार. सक्तीचा की ऐच्छिक.
आणि रिकामं सोडल्यास काय होतं.

क्यू सक्तीचा.
काय हवं ते सांगितल्याशिवाय काही मिळत नाही,
हे कुठंतरी लेखी असावं
म्हणून मी ते जरा ठळक करते.

लिमिट, पूर्णांक, रिकामं सोडल्यास दहा.
पाचशे मागितले तरी शंभरच येतात,
चूक दाखवत नाही, गुपचूप शंभर.
तय्यब शिकलगार म्हणाला, हे नको लिहूस, बग आहे.
लिहिलं.
रात्री दोनला कुणीतरी मोजत बसेल बिचारं.

वडील मार्केट यार्डात तोलाईदार होते.
हळदीचे सौदे ते सांगायचे ते रुमालाखालचे,
बोटांनी बोटं चाचपत.
वरून दिसायचा फक्त रुमाल.
किती फुटला भाव, हे पोत्याच्या मालकाला
सगळ्यांत शेवटी.
एकानं म्हणे विचारलं होतं, 'पण हे लिहिलंय कुठं?'
वडील हे जेवताना सांगायचे आणि हसायचे.
मीही हसायची, तोंडात घास असताना.

मंगळवारी कोडच्या अगदी तळाशी
कुठल्याच यादीत नसलेला एक सापडला.
फोल्ड. हो किंवा नाही.
रिकामं सोडल्यास, हो.
म्हणजे तीन वर्षं सगळ्यांसाठी हो.

तो ळ ला ल समजतो.

मी 'मूळ' विचारलं.
मूल रात्री रडत असल्यास काय करावं, ते आलं.
'काळ' विचारला. काल आला.
'कळ' विचारली, तर सहा राज्यांतले कल.
'हळद' मात्र नीट आली,
हलद नावाचं यंत्राला काहीच माहीत नसल्यामुळं.
मग 'गाळ'.
पुराच्या वर्षी तळमजल्यात गुडघाभर बसलेला,
सुकल्यावर खोऱ्यानं तोडावा लागलेला.
त्याच्या बदल्यात मला गालांना लावायची
चौऱ्याहत्तर हजार क्रीम्स मिळाली,
पापणी लवायच्या आत.

सुकुमार उपाध्येनं लिहिलं होतं ते.
आता कुपवाडला बॅटऱ्यांचं दुकान टाकलंय त्यानं.
फोन केला. मागं कुणीतरी ट्रॅक्टर चालू करून बघत होतं.
'ते होय! मावशी बाळंतविडे शिवायची माझी.
गिऱ्हाइकं बालंतविडा टाइप करायची,
त्यांच्या फोनात ळ गावायचाच नाही.
मावशीचं दुकान दिसंना कुणाला. म्हणून टाकला.'
मग लिहिलं का नाहीस?
'कोण वाचतंय!'
ट्रॅक्टर चालू झाला.

तर :
फोल्ड. ऐच्छिक. रिकामं सोडल्यास हो.
हो असताना ळ आणि ल एकच धरले जातात.
वेगळे हवे असल्यास
तसं स्पष्ट सांगावं लागेल.

खाली उदाहरण लागतं.
क्यू बरोबर गाळ, फोल्ड बरोबर नाही.
निकाल, तीन.
दुसऱ्यात भिजून फुगलेली हळदीची पोती,
रस्ताभर पिवळं पाणी,
आणि कडेला खांद्यावर रुमाल टाकलेला
एक पाठमोरा माणूस.
कुणीही असेल.
यार्डात रुमाल सगळ्यांच्याच खांद्यावर असतात.

तपासायला पाठवलं.
संध्याकाळी तय्यबचा शेरा आला :
मजकूर ठीक. उदाहरण बदल,
आंबा वगैरे काहीतरी साधं घे.

आंब्यात ळ नाही, असं मी उत्तर दिलं
आणि तेवढंच राहू दिलं.